पूर्ण बाह्यांचा महिना

मंगळवार, ३ सप्टेंबर

बटणाच्या मानेवर पुरळ आलंय.

लिहिलं एकदाचं. कालपासून हे वाक्य पोटात धरून बसले होते. मशीन आत्ताच लागलंय, वाफ भरून ते सुटेपर्यंत मला नुसतं बसायचं असतं, म्हणून ही वही कामावर आणली. घरी लिहिलं की आमचे अहो खांद्यावरून वाचतात आणि वर शुद्धलेखनाच्या चुका काढतात. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून त्यांना दुसऱ्याचं बारीकसारीक फार दिसतं.

बटण म्हणजे आमची मुलगी. दत्तक घेतोय, कागदावर अजून व्हायची आहे. गेल्या महिन्यात संस्थेतून घरी आली, पाच वर्षांची. नाव चांगलं आहे तिचं, पण आली त्या दिवशी शर्टाचं वरचं बटण गळ्याशी मुठीत धरून दारात उभी राहिली ती सोडायलाच तयार नाही. अहो म्हणाले, "या, बटणराव." तेच नाव पडलं. मला मात्र ती अजून काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की जवळ येऊन "ऐका ना" म्हणते, मोठ्या माणसासारखं.

काल आंघोळीच्या वेळी ते बटण काढलं तर कॉलरखाली लाल पट्टा. बारीक बारीक पुरळ, बोट फिरवलं तर खरखरीत. मनगटांवरही तसंच. "खाजतंय का गं?" म्हटलं, तर "नाही" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लाजते बिचारी.

महिनाअखेरीस संस्थेच्या बाई भेटीला यायच्या आहेत. मूल इथे नीट आहे की नाही, यावर त्या शेरा देणार आणि त्या शेऱ्यावर ती आमच्याकडे राहायची की नाही ते ठरणार. त्या बाई येऊन काय बघतील? आधी मूलच बघतील ना! आणि मुलाचं आधी काय दिसतं? कातडी.

मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं आणि कापडं निर्जंतुक करायच्या विभागात आहे. माझ्या हाताखालून एक जंतू जिवंत सुटत नाही, असं आमचे सर्जन पाहुण्यांना सांगतात. आणि माझ्याच घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बुधवार, ४ सप्टेंबर

काल घरी जाऊन युद्धच पुकारलं. चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल, तिचे सगळे कपडे, पडदेसुद्धा.

तिचे कपडे मी ती आल्यापासून वेगळेच धुते. आधी पावडर, मग जंतुनाशकात भिजवायचं, मग पिळून वाळत घालायचं आणि वर कडक इस्त्री. बाटलीवर "एक झाकण" लिहिलंय. ते सर्वसाधारण माणसांसाठी. मी अंदाजाने ओतते आणि माझा अंदाज जरा सढळ आहे. साध्या पाण्यातून काढत नाही. काढलं तर औषध सगळं वाहून जाणार, मग घातलं कशाला?

अहो म्हणाले, "अगं, मूल आहे ते. कात्री-चिमटे नाहीत." म्हटलं, कात्रीला पुरळ आलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

काल ओतताना हात थोडे चरचरले. माझ्या हातांना चिरा आहेतच, पण ते आमच्या धंद्याचं भूषण. मऊ हाताच्या बाईला आमच्या विभागात कोणी विचारत नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कमी नाही. उलट कोपराच्या आतल्या बाजूला नवं दिसतंय.

खाण्यातून असेल म्हणून अंडं बंद केलं. वन्सं (अहोंची बहीण, खालच्याच मजल्यावर राहतात आणि मी कामावर असताना बटणाकडे बघतात) म्हणाल्या, "अंगातली उष्णता आहे ती, वहिनी. दूधही बंद कर." दूध बंद केलं. मग केळं बंद केलं. केळ्याने काय होतं ते मलाही माहीत नाही, पण हाताशी होतं.

ती मात्र पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाते. "आवडलं?" "हो." "आणखी काही हवं?" "नको." नावडतं असं तिला काही नाहीच. वन्सं म्हणतात, "नशीब काढलंस, वहिनी! आमच्या कारट्यांनी भाजी बघून घर डोक्यावर घेतलं असतं." मला ऐकून बरं वाटलं. काहीतरी तरी जमतंय मला.

एकच गोष्ट टोचते. रोज सकाळी उठली की ती आधी बूट घालते, लेस नीट बांधून. बाहेर कुठे जायचं नसलं तरी. संस्थेतून आणलेली पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली असते, मी दोनदा रिकामी करून कपाटात लावली, तर परत भरली. तिला इथे करमत नाही हे उघड आहे. मी अहोंना सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटतं.

रविवार, ८ सप्टेंबर

आज सापडलं असं वाटतंय. तिचं ते फडकं!

संस्थेतून येताना तिने एक उशीच्या अभ्र्याचा तुकडा आणलाय. रंग कुठला होता ते कोणी सांगू शकणार नाही. तो नाकाशी धरून झोपते. माझी नजर सगळीकडे गेली, त्याच्यावर गेली नाही, कारण तो दिवसभर तिच्या खिशात असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अहो म्हणाले, "ते राहू दे. तेवढंच तिचं आहे."

म्हटलं, "त्यात काय काय राहतंय तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत आहे."

ती आंघोळीला गेली तेव्हा मी ते नेलं आणि चांगलं भिजवलं, आणि काय सांगू, खाली पिवळसर रंग निघाला. इस्त्री करून, घडी घालून, तिच्या उशीवर ठेवलं.

तिने उचललं, वास घेतला. मग येऊन माझ्या हातात दिलं. "ऐका ना, हे माझं नाही."

"अगं, तेच आहे. फक्त स्वच्छ केलंय."

"बरं," म्हणाली. पण घेतलं नाही. दुपारी हात नुसतेच नाकाशी धरून झोपली.

मंगळवार, १० सप्टेंबर

गालावर आलं. डाव्या. ज्या कुशीवर झोपते त्या बाजूला. कमरेला, इलॅस्टिकच्या जागी, लाल वळच उठलाय.

मी सकाळपासून तिच्याकडे टक लावून बसले होते. ओठ सुजलेत का, श्वास भरभर आहे का, कपाळ तापलंय का. वरच्या वॉर्डातल्या सिस्टरला "शेजारणीच्या मुलाला" असं सांगून विचारलं होतं. ती म्हणाली, पुरळ बहुतेक वेळा साधंच असतं, पण ओठ-डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, ताप आला, फोड आले किंवा पू दिसला तर शेजारणीला म्हणावं घरी बसू नको, तडक घेऊन ये. बोटाने दाबलं तर लाली पांढरी पडते का तेही बघायला सांग, म्हणाली. पांढरी पडते. मी इतक्या वेळा दाबून पाहिलं की अहो म्हणाले, आता दाबून दाबून लाल होईल.

यातलं काहीच नाही. ताप नाही, सूज नाही. पण मग हे आहे काय?

अहो म्हणतात डॉक्टरकडे चल. चल म्हणायला काय जातंय? संस्थेच्या मुलांची तपासणी आमच्याच हॉस्पिटलात होते. मी बटणाला घेऊन कातडीच्या विभागाबाहेर बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते संस्थेत पोचेल. "निर्जंतुकवाल्या बाईंच्या घरी मुलीच्या अंगावर चट्टे." लोक हसतील ते हसू देत. शेऱ्यात काय येईल?

आंघोळीच्या पाण्यातही थोडं जंतुनाशक घातलं आज. थोडं म्हणजे माझ्या अंदाजाने.

गुरुवार, १२ सप्टेंबर

तिला पूर्ण बाह्यांचे शर्ट आणले. बंद गळ्याचे. खालच्या मजल्यावरून जाताना कोणाला दिसू नये म्हणून.

मला वाटलं होतं घालताना कुरकुर करेल, उकाडा आहे. पण तिला ते इतके आवडले! कफची बटणं आपली आपण लावली आणि बाही ओढून बोटांपर्यंत घेतली. मी खूश झाले. नंतर मला माझीच लाज वाटली. एवढ्याशा पोरीला मी लपवाछपवी शिकवते आहे.

जिन्यात एक शेजारीण म्हणाली, "अगं, या उकाड्यात गळाबंद? पोर उकडून निघेल." म्हटलं, तिला थंडी वाजते. बटण लगेच म्हणाली, "हो, मला थंडी वाजते." कपाळावर घाम. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघी चोर.

खाजवताना मात्र मी तिला अजून एकदाही पाहिलेलं नाही. मग चादरीवर ओरखड्याचे रक्ताचे ठिपके कुठून येतात?

जेवताना विचारत होती, "ऐका ना, त्या बाई कधी येणार?"

"कोण? संस्थेच्या? येतील महिनाअखेर. का गं?"

"असंच."

वाटच बघते आहे त्यांची. मी हातातला घास परत ताटात ठेवला. दिवसभर पाय जरा ओढत चालत होती, तिथेही काही उठलंय की काय म्हणून पावलं पाहिली. पावलांवर पुरळ नव्हतं.

शनिवार, १४ सप्टेंबर

सकाळी फोन. संस्थेच्या बाई. "येत्या बुधवारी त्याच भागात आहे, तेव्हाच येऊन जाते म्हणते."

माझ्या तोंडून निघालं, "अहो, बुधवारी आम्ही बाहेरगावी आहोत. लग्नाला."

"असं? मग?"

"मग अठ्ठावीसला या ना. आधी ठरलं होतं तसंच."

त्या बरं म्हणाल्या. आवाजात काही होतं का? होतं असं मला वाटतंय. चोराच्या मनात चांदणं.

फोन ठेवून वळले तर अहो दारात. ते चिडले की ओरडत नाहीत, चष्मा काढून पुसत बसतात. पुसला, लावला, परत काढून पुसला.

"कोणाचं लग्न?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"आहेर काय द्यायचा ते ठरवायला नको?" पण हसले नाहीत. "हे बघ, भिंगावर ओरखडा पडला तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, पडला म्हणून. गिऱ्हाईक ओरडतं आणि परत येतं. लपवलं तर एकदाच येतं. सोमवारी डॉक्टर. तुझ्या हॉस्पिटलात नको तर दुसरीकडे. पण सोमवारी."

मी रडले. म्हटलं, तिला नेली तर? अहो म्हणाले, "नेली तर पुरळासाठी नेणार नाहीत. खोट्यासाठी नेतील."

बटण पलीकडच्या खोलीत होती. बूट घालून, पलंगाच्या कडेवर. सगळं ऐकलं असेल का? बहुतेक नाही, कारण मी गेले तर हसली माझ्याकडे बघून.

सोमवार, १६ सप्टेंबर

गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. रजा टाकली, म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. अक्षर बिघडलंय ते रागाने.

बाई वयस्कर, कसलीच घाई नसलेल्या. बटणाला स्टुलावर बसवून विचारलं, "काय गं, कुठे कुठे खाजतं?"

"कुठेच नाही," म्हणाली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली.

बाईंनी जोर केला नाही. भिंग लावून मान पाहिली, मनगटं, कंबर, गाल. मग माझ्याकडे वळल्या. "हिचे कपडे कसे धुता?"

मी सांगायला लागले. सांगता सांगता मला जरा चेवच आला, कारण इतक्या आस्थेने आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पावडर, भिजवणं, औषध, इस्त्री. अहो छताकडे बघत होते.

"आणि शेवटी साध्या पाण्यातून काढता?"

"छे!"

"तुमचे हात बघू."

मी पुढे केले. बाईंनी ते उलटेपालटे केले. "हे कधीपासून?"

"हे कामाचं आहे. असतंच आमच्याकडे सगळ्यांना."

"आणि हिचं?"

मी हात मागे घेतले. बाई म्हणाल्या, "कॉलर, कफ, इलॅस्टिक, उशी. कापड जिथे जिथे घासतं तिथेच आहे, बघा. ही खरूज नाही, गोवर नाही, कोणाचं कोणाला लागणारं तर मुळीच नाही. कपड्यात राहिलेलं औषध हिच्या कातडीला जाळतंय. तुमच्याही. तुमची जाड झाली आहे म्हणून बोलत नाही इतकंच."

मग काय करायचं ते सांगितलं. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, जंतुनाशक नाही, साबणही सध्या नाही. अंग चोळायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच हे साधं, बिनवासाचं मलम भरपूर. लाल जास्त आहे तिथे दुसरी ट्यूब, पातळ थर, सांगितले तेवढेच दिवस, आणि गालाला नाही. फार खाजलं तर गार पाण्याची घडी. नखं कापायची. सैल सुती कपडे, थोड्या पावडरीत धुऊन, पाणी निर्मळ निघेपर्यंत खळबळून. अंडं, दूध, केळं सगळं सुरू.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काही नाही. काही न करणं जमेल का तुम्हाला?"

अहो हसले. बाईसुद्धा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पुरळ आलं ते मी घाण होते म्हणून नव्हे, मी स्वच्छ होते म्हणून! उभ्या जन्मात मला कोणी जास्त स्वच्छ म्हणून रागावलं नव्हतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

राग उतरला, आता नुसती भीती उरली. मीच केलं. रोज, माझ्या हाताने, इस्त्री करून.

बाटली अहोंनी नेऊन दुकानात ठेवली आहे. कपडे खळबळताना पाणी किती वेळ फेसाळ निघत होतं! एवढं सगळं ते पोर अंगावर वागवत होतं.

आज संस्थेच्या बाई आल्या असत्या. आम्ही लग्नाला आहोत. खिडक्या लावून घरात बसलोय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

कालपर्यंत मान सुधारत होती. आज गाल परत लाल. डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडणार होते, तेवढ्यात अहोंनी टॉवेल हुंगला.

"हा कशात धुतलास?"

खरं सांगायचं तर कपाटामागे अर्धी बाटली होती. टॉवेल म्हणजे काही कपडे नव्हेत, असं मी मनाशी ठरवलं होतं.

अहो टॉवेल बादलीत टाकून स्वतः खळबळत बसले. बटण त्यांच्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. "ऐका ना," ती मला म्हणाली, "यांनी रागावू नये तुमच्यावर. मला काही झालेलं नाही."

किती समजूतदार पोर! जिची चूक तिचीच बाजू घेते.

उरलेली बाटली मीच ओतून दिली. मोरीत. मोरी तरी निर्जंतुक झाली.

सोमवार, २३ सप्टेंबर

काही न करणं हे मी आजवर केलेल्या कामांतलं सर्वांत अवघड काम आहे. हात शिवशिवतात. आंघोळ घालते, टिपते, मलम लावते, आणि उठून दूर जाते. मशीनपाशी बसले की वाटतं, आत्ता घरी जंतू काय करत असतील?

पण कोपराची आतली बाजू मऊ झाली आहे. लाली विटून विटकरी झाली आणि आता नुसती सावली उरली आहे. मनगटावर साल निघतंय, पण खाली कातडी चांगली आहे. चादरीवर ठिपके नाहीत. मी सकाळी मलम लावताना तिच्या पाठीवर नुसतंच बोट फिरवत राहिले, लावायचं संपलं तरी. तीही हलली नाही.

शर्ट मात्र पूर्ण बाह्यांचाच हवा म्हणते. आता काय लपवायचंय तिला?

गुरुवार, २६ सप्टेंबर

परवा बाई येणार. आता अंगावर फारसं काही दिसत नाही. म्हणजे गप्प बसलं तर निभावून जाईल. लग्न कसं झालं विचारलं तर छान झालं म्हणायचं.

अहोंना विचारलं, सांगू का सगळं? म्हणाले, "तुझं तू बघ. मला फक्त नवरदेवाचं नाव सांगून ठेव, आपली उत्तरं जुळायला हवीत." टोमणा कळला.

सांगितलं तर त्या म्हणतील, स्वतःच्या हाताने मुलीला भाजणारी बाई. नाही सांगितलं तर मी आयुष्यभर लग्न सांभाळत बसणार. मलाच अंगभर खाज सुटल्यासारखं झालंय.

बटण पिशवी भरते आहे. आज तिने त्यात मलमाची डबीही घातली. मी बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून रडले. जायची एवढी घाई असेल तर मी धरून तरी कशी ठेवू?

शनिवार, २८ सप्टेंबर

बाई येऊन गेल्या. सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर मीच उद्या त्यात भर घालीन.

सकाळी मी बटणाला अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक दिला. तिने तो घडी घालून ठेवला आणि शर्ट काढून घातला. बटणं गळ्यापर्यंत. बाई आल्या तेव्हा खुर्चीवर बसली होती, पायात बूट, मांडीवर पिशवी.

बाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि विचारलं, "काय मग, लग्न कसं झालं?"

मी तोंड उघडलं. छान झालं म्हणायला. आणि म्हटलं, "बाई, आम्ही लग्नाला गेलोच नव्हतो. हिच्या अंगावर पुरळ होतं आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी खोटं बोलले. पुरळही माझ्यामुळेच आलं." मग धुणं, जंतुनाशक, डॉक्टरीणबाई, टॉवेल, सगळं. एका दमात. अहो एवढंच म्हणाले, "टॉवेलाचंही सांगितलंस हे बरं केलंस."

बाईंनी कप खाली ठेवला. "बघू तरी. ये गं इकडे."

बटण जागची हलली नाही. दोन्ही कफ मुठीत गच्च धरले. चेहरा लालबुंद. "मला काही नाही. गेलं ते. खरंच गेलं. खाजतसुद्धा नव्हतं."

तिला इतकं मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्यासमोर खाली बसले. माझे हात तिच्यापुढे धरले. "हे बघ. मलाही आहे. काही होत नाही त्याने."

तिने बघितलं. एका चिरेवर बोट ठेवलं, हळूच, दुखेल म्हणून.

"तुलापण आलंय?"

"हो. तुझ्या आधीपासून."

तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी हळू आवाजात विचारलं, "मग तुलापण घेऊन जाणार?"

अहोंनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

बाईच मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "हिच्या शेजारच्या कॉटवर एक मुलगी होती. एका घरी दिली होती. खरूज झाली म्हणून त्यांनी आठवड्यात परत आणून सोडली. आम्हाला वाटलं लहान मुलं विसरतात."

मी सगळ्या महिन्याकडे मागे वळून पाहिलं आणि मला धरायला काही सापडेना, म्हणून तिच्या खुर्चीचा पाय धरला. भिंतीकडे तोंड. मांड्यांखालचे हात. मला थंडी वाजते. आवडलं? हो. मी तिच्या अंगावरचा एकेक ठिपका दाबून पाहिला होता आणि तिला मात्र पाहिलंच नव्हतं.

अहो तिला म्हणाले, "हिला कोण नेणार? हिला नेणारा अजून जन्माला यायचाय. आणि तुलाही कोणी नेत नाही. पुरळ आलं तरी नाही, गोवर आला तरी नाही, तू भिंतीवर रेघोट्या मारल्यास तरी नाही."

तिने पिशवीतून मलमाची डबी काढली आणि माझ्या हातांना लावायला बसली. अर्धी डबी संपवली. चोळलं नाही. टिपून टिपून लावलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं.

निघताना बाई म्हणाल्या, "शेरा मी कोणाला वाचून दाखवत नसते. पण हिची खोली रंगवायची असेल तर रंगवून घ्या. आणि पुढच्या वेळी लग्न ठरवाल तेव्हा नवरानवरीसुद्धा ठरवून ठेवा."

रविवार, २९ सप्टेंबर

दुपार. बटण वन्संच्या पोरांशी जिन्यात खेळते आहे. अर्ध्या बाह्या.

सकाळी उठून बघते तर बूट पलंगाजवळ तसेच, आणि ती अनवाणी स्वयंपाकघरात. "बूट नाही घातलेस?" सहज विचारलं.

"ते चावतात."

मी तिचं पाऊल हातात घेतलं. अंगठ्याच्या कडेला कातडी जाड होऊन पिवळी पडली होती, टाचेवर जुना फोड वाळलेला. पुरळ शोधताना मी हेच पाऊल पाहिलं होतं आणि पुरळ नाही म्हणून खाली ठेवलं होतं.

"कधीपासून गं चावतात?"

ती माझ्या हातातला पाय सोडवून घेत दाराकडे पळाली आणि जाता जाता म्हणाली, "आल्यापासून."